मिस्त्रींची प्रतिनियुक्ती

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसतो आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकही मृत्यू नोंदवायचा राहिला नाही, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगत असे. आता सांगत नाही, कारण गेल्या वर्षी एक राहिला. तो गृहस्थ जमिनीपासून काही कोटी कोस वर वारला होता, मुळात तो जन्मालाच आलेला नव्हता, आणि तरी त्याचं मरण लपवता लपवता माझी जी त्रेधा उडाली, ती पाहून यापुढे कुणाचं काही लपवायचं नाही असं मी ठरवून टाकलं. हे ठरवायला मला एकोणीस वर्षं उशीर झाला.

सुरुवात ताईच्या डोळ्यांपासून झाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती माझ्याकडे असते. दोन खोल्या आणि आम्ही दोघं. (माझं लग्न का झालं नाही हा वेगळा विषय आहे आणि त्यात माझी बाजू कुणी ऐकून घेत नाही.) डोळ्यांच्या डॉक्टरांनी दीड वर्षात तीनदा तिच्या चष्म्याचा नंबर बदलला. चौथ्या वेळी नंबर न देता त्यांनी नुसतं तिच्या खांद्यावर थोपटलं, तेव्हा मी काय ते समजलो. घरी येईपर्यंत मी धीराची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती बोलायची वेळच आली नाही. चप्पल काढता काढता ताई म्हणाली, "मग आता माझ्या यानाचं काय?"

यान म्हणजे टीव्हीवरची मालिका. दर रविवारी सकाळी अकराला. बियाणं भरून निघालेलं एक मालवाहू यान अवकाशात वाट चुकतं, एवढीच तिची गोष्ट. ते जे चुकतं ते चुकतंच. चाळीस भाग झाले तरी यानातल्या एकालाही थांबून रस्ता विचारावा असं वाटलं नाही. बोलणं सगळं परक्या भाषेत, आणि खाली आपल्या भाषेतल्या ओळी. डोळे शाबूत असताना ताईनं चौदा भाग पाहिले होते. आता आवाज ऐकू येत होते, पण ओळी दिसत नव्हत्या. त्या वाचायचं काम घरात शिल्लक असलेल्या एकुलत्या एक साक्षर माणसाकडे आलं.

मला या विषयात गती नाही. छताच्या पंख्याच्या वर काय आहे याची मी कधी चौकशी केलेली नाही. पण वाचनाचा मला सराव आहे, निदान मला तसं वाटत होतं. पहिल्या रविवारी मी घसा साफ करून वाचलं, "कप्तान, इंधन संपत आले आहे, तरी कृपया निर्णय घ्यावा."

"धाकट्या," ताई म्हणाली, "तिथे माणसं मरायला टेकलीत आणि तू नोटीस काय वाचतोस?"

छप्पन्नाव्या वर्षी माणसाला धाकट्या म्हटलेलं किती बोचतं, हे ताईला कोण सांगणार? मी आवाजात थोडा ओलावा आणला. चार-पाच रविवारांत मला हळू बोलणं, ओरडणं, कप्तानबाईंचा राग, सगळं जमायला लागलं. कप्तान ही बाई होती. यानातल्या सगळ्यांची नावं लांबलचक आणि तोंडात न मावणारी. म्हणून ताईनं सुरुवातीलाच त्यांचं बारसं करून टाकलं होतं. कप्तान म्हणजे 'मोठ्या बाई'. त्यांच्याबद्दल तिचं मत, की ही बाई कुणाला दोन घास सुखानं खाऊ देत नाही, घास उचलला की भोंगा वाजवते. यंत्रमानव म्हणजे 'नवा जावई', कारण तो सगळ्याला हो म्हणतो आणि बस म्हटल्याशिवाय बसत नाही. डॉक्टरच्या हाताला सहा बोटं होती. "एवढी बोटं असून एकदा कुणाची नाडी बघत नाही मेला," असं ताई म्हणे आणि त्याच्या औषधावर तिनं कधीच विश्वास ठेवला नाही.

आणि यंत्रखोलीतले म्हातारे होते, ते 'मिस्त्री'. खांद्यावर फडकं, छातीत खोकला आणि यंत्राशी बोलायची सवय. ताईचा सगळा जीव त्यांच्यात. बाकीचे कितीही संकटात असोत, ती विचारायची, "मिस्त्री जेवले का?" त्यांचा पाना वाजला की शेंगा सोलता सोलता तिचे हात थांबायचे आणि चेहरा निवळायचा. आमचे भाऊजी लांबच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. तेही बॉयलरशी बोलत, आणि त्यांनाही तिथे सगळे मिस्त्रीच म्हणत. हे मला ठाऊक असूनही मी दोन्हींचा संबंध लावला नाही. फायली जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शोभत नाही.

एकतिसाव्या भागात यानाच्या बाहेरच्या अंगाचा एक नळ फुटला. मिस्त्री तो सांधायला बाहेर गेले. नळ सांधला गेला, पण त्यांच्या पाठीवरच्या टाकीतली हवा संपली. जावयानं त्यांना उचलून आत आणलं, मोठ्या बाईंनी त्यांचं शिरस्त्राण काढलं, सहाबोट्यानं पहिल्यांदाच कुणाची तरी नाडी पाहिली, आणि खाली ओळ आली: 'ते गेले.'

मी ताईकडे पाहिलं. मटाराची शेंग हातात तशीच धरून ती पुढे झुकून बसली होती. माझ्या तोंडून निघालं, "त्यांना झोप लागली."

"मग सगळे रडतायत कशाला?"

"दमलेत गं. आठ दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. मिस्त्रींना एकदाची झोप लागली म्हणून भरून आलंय. जावई त्यांच्या अंगावर पांघरूण घालतोय. निळं आहे."

खोटं बोलताना मला तपशील फार सुचतात. हा माझा जुना दोष आहे.

पुढच्या रविवारी पंचाईत झाली. झोपलेला माणूस आठवडाभरानं तरी उठायला हवा. मिस्त्रींचा आवाज नाही, पाना नाही, खोकला नाही. पंधरा मिनिटं वाट पाहून ताईनं विचारलं, "मिस्त्री कुठायत?" मला ऐनवेळी जे सुचलं ते सव्वीस वर्षांच्या नोकरीतून सुचलं. म्हटलं, "त्यांची प्रतिनियुक्ती झाली. दुसऱ्या यानावर."

"आजारी माणसाची? कुणाच्या हुकमानं?"

"वरून आदेश आला."

"ते आधीच एवढे वर आहेत. त्यांच्या वर कोण बसलंय?"

मी घाईघाईनं मुदत सांगितली. तीन महिने, गरज पडल्यास मुदतवाढ. ताईनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "ख्यालीखुशाली कळवतील ना?"

झालं. तेव्हापासून दर रविवारी मिस्त्रींचा संदेश यायला लागला. तो मी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लिहून ठेवत असे, आणि कुठल्या तरी दोन प्रसंगांच्या मधे घुसवून वाचत असे. पहिले दोन संदेश हवापाण्याबद्दल होते. तिसऱ्यात मी लिहिलं, 'इथलं इंजिन चांगलं आहे, पण बोललं तर उत्तर देत नाही.' हे ताईनं मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना मला उगाच आपण लेखक असल्यासारखं वाटलं, आणि मी सोकावलो.

माझा आवाज एव्हाना इतका तयार झाला होता की जिन्यात लोक थांबून ऐकायला लागले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रिल मास्तर आणि समोरच्या शिवणाच्या बाई हे दोघे तर रविवारी खुर्च्या घेऊनच आले. माणसं सज्जन होती. त्यांच्यात दोष एकच, की दोघांना डोळे होते आणि वाचता येत होतं. शिवणाच्या बाईंनी "अहो, पण खाली तर..." एवढं म्हणताच मी त्यांना आणि मास्तरांना पाण्याची टाकी दाखवण्याच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि जिन्यात सगळं सांगितलं.

"बरं केलंत," शिवणाच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "एवढी वर्षं काढली बिचारीनं. आता आणि धक्का कशाला?"

"साफ चुकलंत," मास्तर म्हणाले. "पण करायचंच असेल तर ते शिस्तीत व्हायला हवं. नुसता संदेश काय वाचता? माणसाचा आवाज नको?"

मास्तरांनी उभ्या आयुष्यात मुलांना फक्त डावं-उजवं शिकवलं, पण त्यांच्या मनात एक नट दबून राहिला होता. पुढच्या रविवारी ते आमच्या स्वयंपाकघरात पितळी पातेल्यात तोंड घालून उभे राहिले. मी 'संदेश येत आहे' म्हणताच त्यांनी मिस्त्रींसारखं खोकायचं, असं ठरलं होतं. मी म्हटलं आणि मास्तर खोकले. उत्तम खोकले. मग थांबेचनात. खोटा खोकला कधी खरा झाला त्यांनाही कळलं नाही. पडद्यावर साबणाची जाहिरात सुरू झाली, तिच्यातली बाई दुधात न्हायल्यासारखी हसायला लागली, तरी स्वयंपाकघरात मिस्त्री खोकतच होते. शेवटी पातेलं खाली पडलं आणि शिवणाच्या बाई तांब्या घेऊन धावल्या.

"मिस्त्री आपल्या स्वयंपाकघरात कसे?" ताईनं विचारलं.

"अवकाशात आवाजाला दिशा नसते, ताई."

"असं का?" ती म्हणाली. "पाणी नीट पाजा त्यांना. ठसका लागलाय." मास्तर मात्र त्यानंतर आठवडाभर, आपला खोकला मूळ खोकल्यापेक्षा सरस झाला की नाही, हे मला जिन्यात अडवून विचारत होते.

हे सगळं हसण्यासारखंच होतं आणि मी मनातून हसतही होतो. पण दर रविवारी भाग संपला की ताई एकच विचारायची, "येतील ना रे परत?" आणि मी हो म्हणायचो. तीन महिन्यांची मुदत जवळ येत चालली, तसा मला घाम फुटायला लागला. परत आणायचं तर कुठून आणायचं? शेवटी मी सरकारी माणसाचा शेवटचा उपाय केला, म्हणजे अर्ज. वाहिनीच्या ग्राहक तक्रार विभागाला सविनय लिहिलं, की आपल्या मालिकेतील एकतिसाव्या भागात मयत झालेले वयस्कर पात्र परत येण्याची शक्यता आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. खुलाशाऐवजी एक छापील कागद आला. तक्रार कुठल्या प्रकारात मोडते ते कळवा: चित्र दिसत नाही, आवाज येत नाही, इतर. मी 'इतर'वर खूण केली. मग टीव्हीखालच्या खोक्याचा क्रमांक मागवला, तो दिला. मग पोच आली. लोकांना सव्वीस वर्षं पोच देणाऱ्या माणसाला पोच मिळाली की किती बरं वाटतं म्हणून सांगू. मी ती पोच पाकिटात जपून ठेवली.

एका शनिवारी सकाळी खांद्याला पिशवी लावलेला तंत्रज्ञ दारात उभा राहिला. ताई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. त्यानं मला बोलू न देता खोका उलटा केला, वायर उपटली, ती आपल्या शर्टाला पुसून परत खोचली आणि टीव्ही लावून पाहिला. मग खिशातून कागद काढून, नियमाप्रमाणे, मोठ्यानं वाचला.

"तक्रार, इतर. एकतिसाव्या भागात मेलेलं पात्र परत येणार का." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "यानातले ते खोकणारे म्हातारेच ना? ते तर कधीच मेले, साहेब. आमच्या घरी सगळे रडले होते. मेलेलं माणूस आमच्याकडून होत नाही. वायर हवी तर नवीन घालून देतो."

मी त्याला डोळ्यांनी, हातांनी, जमेल तसं थांबवत होतो. त्यानं कागद पुढे केला. "तक्रारीचं निवारण झालं, इथे सही करा."

"कर सही, धाकट्या," ताई शांतपणे म्हणाली. "त्यांना अजून चार घरं असतील."

मी सही केली. तो गेल्यावर खोलीत फक्त शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी खरंच समजले, झोपलेत. पुढच्या रविवारी मोठ्या बाईंनी त्यांचं नाव घेतलं. तू प्रतिनियुक्तीचं काहीतरी वाचत होतास. पण गेलेल्या माणसाचं नाव वेगळं घेतात रे. भाषा कुठली का असेना, ते कळतं."

"मग बोलली का नाहीस? अकरा आठवडे मी... त्या मास्तरांना पातेल्यात..."

"म्हटलं, या वेळी तरी सांगतोस का बघू."

या वेळी तरी, म्हणजे काय ते मला कळलं.

एकोणीस वर्षांपूर्वी भाऊजींच्या कारखान्यातून निरोप आला, तो माझ्या कार्यालयात आला होता. बॉयलरपाशी अपघात झाला आणि भाऊजी जागच्या जागी गेले होते. मी ताईच्या घरी जाऊन तिला सांगितलं, थोडंसं भाजलंय, दवाखान्यात आहेत, तुझी आठवण काढतायत. ताईनं त्यांचा टॉवेल घेतला, दाढीचं सामान घेतलं, वाटेत मोसंबी घेतली. सात तासांचा बसचा प्रवास होता. ती गप्प बसली की मला तिच्याकडे बघवत नसे, म्हणून मी बोलत राहिलो. भाऊजींची खाट खिडकीजवळ आहे, नर्स आपल्याच गावाकडची आहे, हातावर फोड आहेत पण चेहऱ्याला काही नाही. तेही संपलं तेव्हा कार्यालयातले किस्से सांगितले. कारखान्याच्या फाटकाशी माणसं उभी होती. आम्हाला बघून ती सगळी खाली बघायला लागली. ताईच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. त्या दिवसाबद्दल ती एकोणीस वर्षांत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि मी समजत होतो की तिनं मला माफ केलं आहे.

"सात तासांत मी दोनदा हसले, धाकट्या," ताई म्हणाली. "एकदा तर तुझ्या त्या जुळ्यांच्या दाखल्याच्या गोष्टीला पोट धरून हसले. ते तिकडे पडले होते आणि मी हसत होते. ते मनातून जात नाही."

मी परातीतली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"तुझ्या मनात वाईट नव्हतं. सगळेच असं करतात, मला कळतं. पण ते सात तास माझे होते. मला रडत जायचं होतं."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. सव्वीस वर्षांत हजारो लोक माझ्या खिडकीसमोर रडले असतील, आणि मी प्रत्येकाला सही कुठे करायची ते दाखवलं होतं. आता मला स्वतःला रडायला आलं आणि ते थांबवायचं कसं हे मला माहीत नव्हतं. ताईनं मला रडू दिलं. मग परात बाजूला सारून म्हणाली, "तो भाग आहे ना खोक्यात? लाव. आणि आहे ते वाच."

एकतिसावा भाग साठवलेला होता. मी लावला. नळ फुटला, मिस्त्री बाहेर गेले. मी एकही शब्द न बदलता वाचत होतो. 'टाकीत हवा किती आहे?' 'थोडी.' 'परत या.' 'एक आटा पिळायचा राहिलाय.' जावई त्यांना आत घेऊन आला. ती ओळ आली आणि मी चष्मा काढून पुसायला लागलो. ताईनं चाचपडत माझा खांदा शोधला.

"वाच," ती म्हणाली.

"ते गेले."

ताई रडली. मोठ्यानं रडली. भाग संपला, जाहिराती लागल्या, तरी रडत होती. आवाज ऐकून ड्रिल मास्तर वर आले. त्यांनी ताईकडे आणि माझ्याकडे पाहिलं, आणि चपला बाहेर काढून दारात सावधान उभे राहिले. ते कुणाला काही न विचारता तसेच उभे होते आणि तसेच परत गेले.

संध्याकाळी चहा पिताना ताई म्हणाली, "तुमच्याकडे नोंद करतात ना? मिस्त्रींची कर."

"ताई, जन्माचा पुरावा नाही, पत्ता नाही. जागा आमच्या हद्दीत नाही."

"हद्दीचं तुझं तू बघ."

सोमवारी मी रद्द शिक्का मारलेला एक कोरा फॉर्म डब्याच्या पिशवीत लपवून घरी आणला. कार्यालयातली टाचणीही मी कधी घरी नेलेली नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नेहमीसारखा नमस्कार केला, तर मला वाटलं, त्याला सगळं कळलं. घरी टेबलाशी बसून मी एकेक रकाना मोठ्यानं वाचत गेलो आणि ताई सांगत गेली. नाव, मिस्त्री. व्यवसाय, यंत्र सांभाळणं. मृत्यूचं ठिकाण, कामावर. मृत्यूच्या वेळी जवळ कोण होतं, हा रकाना तिनं रिकामा ठेवायला सांगितला.

मग तो रकाना आला: 'नोंद उशिरा करण्याचे कारण'. हा प्रश्न मी रोज दहा जणांना विचारतो. कुणी गावाला गेलेला असतो, कुणाची आई आजारी असते, कुणाला माहीतच नसतं. मी चष्म्यावरून बघून म्हणतो, हे कारण चालणार नाही. आता मी पेन धरून बराच वेळ बसलो. ताईनं घाई केली नाही.

मी लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं, "सांगणाऱ्याला धीर झाला नाही."

"उशीर किती लिहिलास?"

"एकोणीस वर्षं."

ताईनं पेनासाठी हात पुढे केला. 'नातेवाइकाची सही' लिहिलं होतं त्या रेघेवर मी तिचं बोट ठेवलं. तिनं हळूहळू सही केली. सही रेघ सोडून वर चढत गेली आणि शेवटचं अक्षर शिक्क्याच्या चौकटीत जाऊन बसलं. खिडकीत असतो, तर असा अर्ज मी परत केला असता. मी तो घेतला आणि खाली तारीख घातली.